दाब द्यावा, पण कोणी, कुठे आणि किती वेळ?

नाशिक जिल्ह्यात संक्रांत म्हणजे पतंग. येवल्यात तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या माणसांनी फुललेल्या असतात आणि हातोहाती आसाऱ्या फिरत असतात. याच आनंदात गेली काही वर्षे नायलॉनचा मांजा शिरला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी घातली. तरीही डिसेंबर २०२० मध्ये नाशिक शहरात दुचाकीवरून निघालेल्या एका महिलेचा या मांजाने गळा चिरला जाऊन मृत्यू झाला. मांजा विकणाऱ्यांवर आणि बंदीच्या अंमलबजावणीवर दर पौषात पुष्कळ लिहिले जाते, आणि ते लिहिलेच पाहिजे. मला मात्र एक वेगळा प्रश्न पडतो. अशा अपघाताच्या जागी गोळा होणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांनी शाळेत प्रथमोपचाराचा धडा वाचलेला असतो. तो धडा त्यांच्या हातांना काय सांगतो?

हा धडा म्हणजे एखादे विशिष्ट पाठ्यपुस्तक नव्हे. भिंतीवरचे तक्ते, शिबिरातली टिपणे, गाईडमधली उत्तरे यांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरणारा तो एक मजकूर आहे. एखादी कविता वाचावी तसा तो एकदा बारकाईने वाचून पाहू.

सुरुवात वर्गीकरणाने होते. धमनीतून लालभडक रक्त उसळ्या मारत येते, शिरेतून काळपट रक्त संथ वाहते, केशवाहिन्यांतून ते पाझरते. माहिती खरी आहे, आणि शरीरशास्त्र म्हणून सुंदरही आहे. पण तिचा इथे उपयोग काय? संध्याकाळी रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली, भिजलेल्या कपड्यातून रंग ओळखता येत नाही. आणि ओळखला तरी पहिली कृती तीच राहते : दाबणे. मग हे वर्गीकरण सर्वांत आधी का? कारण त्यावर प्रश्न काढता येतो आणि गुण देता येतात.

पुढे येतो क्रम. हात धुवावेत, जखम स्वच्छ करावी, जंतुनाशक लावावे, निर्जंतुक गॉज ठेवावा, आणि मग 'योग्य तो दाब द्यावा'. खरचटलेल्या गुडघ्यासाठी हा क्रम ठीक आहे. रक्ताची धार लागलेल्या जखमेसाठी तो घातक आहे, आणि धडा या दोहोंत फरकच करत नाही. थोडे गणित करू. मुलाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ७५ मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ३० किलोच्या मुलात साधारण सव्वादोन लिटर. त्यातला एक तृतीयांश भाग, ७५० मिलिलिटर, गेला की जीव धोक्यात येतो. दप्तरातली पाण्याची बाटली साधारण तेवढीच असते. मोठी धमनी तुटली तर मोठा माणूससुद्धा काही मिनिटांतच दगावू शकतो. जंतुसंसर्गावर डॉक्टरांना नंतर उपाय करता येतो, पण वाहून गेलेला वेळ परत आणता येत नाही.

तिसरी गोष्ट क्रियापदाची. 'दाब द्यावा' या वाक्याला कर्ता नाही, जागा नाही, मोजमाप नाही. त्यामुळे वाचणाऱ्याचे मन सवयीच्या क्रियापदाकडे वळते : 'बांधणे'. पदराची चिंधी फाडून कृष्णाच्या बोटाला बांधणारी द्रौपदी लोककथेने आपल्याला दिली. सिनेमाने तेच दृश्य शेकडो वेळा दाखवले. त्यातली माया आणि तत्परता खरी, हाताशी असेल ते कापड घेणेही योग्य. पण बांधणे डोळ्यांना दिसते, दाब दिसत नाही. म्हणून चित्रातही पट्टीच उरते.

एका शाळेत नववीच्या मुलीने मला हा सगळा धडा अडखळल्याशिवाय म्हणून दाखवला. मग मी तिच्या हातात पाण्याने भरलेली, भोक पाडलेली रबरी नळी आणि एक रुमाल दिला. तिने रुमाल फार नीटनेटका गुंडाळला. पाणी मात्र तिच्या कोपरावरून गळत राहिले. चूक तिची नव्हती. तिने धड्याप्रमाणेच केले होते.

हा प्रयोग कोणालाही करता येईल. निरोगी माणसाच्या धमनीतला वरचा दाब साधारण १२० मिलिमीटर पारा. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून पाण्यात हीच उंची सुमारे १६३ सेंटिमीटर होते. तेवढ्या उंचीवर बादली ठेवून नळी खाली सोडा आणि टाचणीने भोक पाडा. गुंडाळलेला रुमाल भिजतो, पण धार थांबत नाही. बोट भोकावर दाबले की थांबते. हिशेब सोपा आहे. दर चौरस सेंटिमीटरला १६३ ग्रॅम भार हवा. दोन बोटांखालच्या चार चौरस सेंटिमीटरला सुमारे ६५० ग्रॅम पुरतात, पण ८० चौरस सेंटिमीटरच्या पसरट तळव्याला १३ किलो लागतात. प्रत्यक्षात मध्ये मांस असते, म्हणून जोर याहून जास्तच लावावा लागतो. पण नेमक्या जागी दाबणे हे जास्त कापड कोंबण्यापेक्षा का महत्त्वाचे, ते यातून कळते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र आपण शिकवतोच. ते या धड्यात कधी येत नाही, एवढेच.

जुन्या मजकुरातल्या काही सूचना आता बदलल्या आहेत. अवयव उंच धरणे आणि दूरचे दाबबिंदू शोधणे यांवर आता भर दिला जात नाही, कारण त्यात थेट दाबाकडे दुर्लक्ष होते. हातापायाला घट्ट आवळपट्टी बांधणे, म्हणजे टूर्निकेट, महायुद्धांनंतर बदनाम झाले होते. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांच्या अनुभवानंतर ते परत आले. अमेरिकेत २०१५ साली सामान्य नागरिकांना हे सगळे शिकवण्याची मोहीमही सुरू झाली. दाबूनही हातापायाचा रक्तस्राव थांबत नसेल तर जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांधा टाळून, किमान चार सेंटिमीटर रुंद पट्टी आवळावी आणि वेळ लिहून ठेवावी. 'मधूनमधून सैल करावी' हा जुना सल्ला मात्र विसरावा. सुतळी किंवा तार वापरू नये.

मानेला मात्र कधीही गोल पट्टी आवळू नये. मांज्याच्या जखमेत, जिथून रक्त येते त्याच जागी कापड धरून बोटांनी दाबावे. श्वासनलिका मोकळी ठेवावी, दोन्ही बाजू एकदम दाबू नयेत.

मग धडा कसा असावा? माझ्या मते पाच वाक्यांचा. हातावर प्लास्टिकची पिशवी असेल तर चढवा, नसेल तर थांबू नका. मिळेल ते कापड जखमेवर ठेवून पूर्ण जोराने दाबा. निदान दहा मिनिटे उचलून पाहू नका, कारण गुठळी बनायला वेळ लागतो आणि डोकावले की ती सुटते. कापड भिजले तर नेमकी जागा पुन्हा शोधून दाबा. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. हळद, कॉफी, चुना, माती यांना त्यात जागा नाही.

आणि 'पोलिसांचे लचांड मागे लागेल' ही भीतीही वर्गातच घालवायला हवी. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आले आहे. हे वाक्य प्रथमोपचाराच्या धड्यातच हवे, नागरिकशास्त्रात नव्हे.

यंदा या धड्यावर प्रश्न काढताना 'रक्तस्रावाचे प्रकार लिहा' असे विचारू नका. बादली, नळी आणि रुमाल टेबलावर ठेवा, आणि धार थांबवायला सांगा.