'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' : परक्याचे भय आणि परक्याची ओळख

एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) या अमेरिकन लेखकाची 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' ही छोटी कादंबरी १९३६ मध्ये एका अमेरिकन मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या भयकथांमुळे मराठी वाचकाला अमानवी शक्तींची भीती नवी नाही. परंतु तेथे संकटसमयी 'समर्थ' धावून येतात. लव्हक्राफ्टच्या विश्वात कोणीच येत नाही. माणूस असला काय नि नसला काय, विश्वाला त्याचे सोयरसुतक नाही, हेच येथील भय आहे.

उर्दूचा अध्यापक या नात्याने मी प्रथम अडखळलो तो मात्र एका नावापाशी. कादंबरीतील संशोधकांना 'नेक्रोनॉमिकॉन' या काल्पनिक ग्रंथाची वारंवार आठवण होते. त्याचा कर्ता म्हणून लेखकाने अब्दुल अलहजरेद हा 'वेडा अरब' कल्पिला आहे. 'अब्द' म्हणजे दास. 'अब्दुल' मधील 'उल' हे अरबी उपपदच आहे. त्यापुढे पुन्हा 'अल' आल्याने उपपद दोनदा येते. 'अरेबियन नाइट्स'ने भारावलेल्या बालवयातील हे नाव लेखकाने पुढेही तसेच वापरले. चूक व्याकरणाची असली तरी तिच्यामागील वृत्ती लक्षात घेतली पाहिजे. अरबाचे नाव गूढ वाटले की काम भागले. त्याला अर्थ असण्याची गरज लेखकाला भासली नाही.

या वृत्तीला उत्तर याच कादंबरीत सापडते. अंटार्क्टिकावरील मोहिमेत लेक या संशोधकाला गोठलेले विचित्र जीव सापडतात. त्यांपैकी एकाचे तो विच्छेदन करतो. पुढे त्याच्या तळावरील सर्वांचा नाश होतो आणि त्या जीवांनीही एका माणसाचे विच्छेदन केल्याचे कळते. निवेदक डायर व त्याचा विद्यार्थी डॅनफर्थ पर्वतापलीकडील ओसाड नगरात शिरतात, भिंतींवरील शिल्पे वाचतात आणि त्या जीवांचा इतिहास जाणून घेतात. शेवटी त्यांची प्रेते पाहताना डायरच्या मनात करुणा दाटते. हेही आपल्यासारखेच जिज्ञासू होते, माणसेच होती, असे त्याला वाटते. लेकने जे केले तेच त्यांनी केले होते. माझ्या मते कादंबरीचा हा सर्वोच्च क्षण आहे, आणि तो भयाचा नसून ओळखीचा आहे.

तथापि ही ओळख सर्वांच्या वाट्याला येत नाही. त्या जीवांनी श्रमासाठी 'शोगॉथ' नावाचे गुलाम निर्माण केले होते. त्या गुलामांनी बंड केले. धन्यांसाठी हळहळणारा निवेदक गुलामांकडे केवळ किळसेने पाहतो. त्यांचा इतिहास आपल्याला कळतो तो धन्यांनी कोरलेल्या शिल्पांतून. अलहजरेदचेही तसेच आहे. त्याचा ग्रंथ सर्वांना आठवतो, त्याचे दुःख कोणी विचारीत नाही.

म्हणून ही कादंबरी बाजूला सारावी काय? मला तसे वाटत नाही. बडोद्यात मराठी व उर्दू दोन्ही विषय शिकवताना एका भाषेच्या विद्यार्थ्यांत दुसरीविषयी असलेला परकेपणा मी रोज पाहतो. अशा वर्गात अलहजरेदच्या नावाची फोड फळ्यावर करून दाखवावी, आणि शोगॉथांच्या बंडाची हकीकत त्यांच्या बाजूने लिहिण्यास विद्यार्थ्यांना सांगावे. लेखकाने ज्यांची ओळख करून घेतली नाही, त्यांची ओळख वाचकाला निदान अशा रीतीने करून घेता येईल.