अडकून पडलेल्यांचा आवाज : क्रिस बेली आणि ‘द सेंट्स’

मंडळाच्या अंकात आजवर मी लिहिले ते नाट्यसंगीतावर, एकदा गजाननराव वाटव्यांच्या भावगीतांवर. आज ब्रिस्बेनच्या एका पंक रॉक गायकावर लिहितो आहे हे पाहून जुने वाचक चष्मा पुसतील. त्यांना एवढेच सांगतो की हा लेख थोडा परतफेडीचा आहे.

२००३ साली मी मंडळाचा सांस्कृतिक सचिव होतो. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात आपल्याच चार मुलांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घेऊन एक गाणे सादर करायचे होते. त्यांत माझा मुलगाही होता. तालीम दोन मिनिटे ऐकून मी म्हणालो, “हा गोंगाट आहे, गाणे नव्हे.” विषय संपला. मुलगा घरी येताना मोटारीत एवढेच म्हणाला, “बाबा, हे गाणं इथल्याच मुलांचं आहे. आपल्या घरापासून दहा मिनिटांवर राहायचे ते.” मी लक्ष दिले नाही. त्याची बारावी जवळ आली होती.

एप्रिल २०२२ मध्ये क्रिस बेली नेदरलँड्समधल्या हार्लेम येथे वारल्याची बातमी आली, तेव्हा गॅरेजमधल्या खोक्यातून मी मुलाच्या सीडी बाहेर काढल्या. तेव्हापासून ऐकतो आहे. जे सापडले ते येथे मांडतो.

बेलीचा जन्म केनियातला, आईवडील आयरिश, पहिली काही वर्षे बेलफास्टमध्ये गेलेली. सात वर्षांचा असताना तो ब्रिस्बेनच्या इनाला भागात आला. सरकारी घरांची ही वसाहत; पुढे व्हिएतनामी कुटुंबे आली आणि आज आपण तेथे कोथिंबीर आणि आंबे घ्यायला जातो. त्याचा जोडीदार, गिटारवादक एड क्युपर, जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये जन्मला आणि लहानपणी शेजारच्या ऑक्सलीत वाढला. म्हणजे ज्याला ऑस्ट्रेलियन रॉकचा मानबिंदू म्हणतात तो संघ उभा केला तो बोटीतून उतरलेल्यांच्या मुलांनी. हा तपशील माहीत झाल्यावर माझे कान थोडे वेगळे झाले, हे कबूल करायला हवे.

१९७३ च्या सुमारास ड्रमर आयव्हर हे याच्यासह ही मंडळी एकत्र आली. ते ब्रिस्बेन आजचे नव्हे. जो ब्येल्के-पीटरसन १९६८ पासून १९८७ पर्यंत क्वीन्सलंडचे प्रीमियर होते. १९७७ च्या सप्टेंबरात त्यांनी रस्त्यावरच्या राजकीय मोर्च्यांवर बंदीच घातली. तरुणांच्या पार्ट्यांवर पोलिसांची धाड पडणे नित्याचे होते. असल्या गोंगाटाला कोणी जागा देईना, तेव्हा या मुलांनी पेट्री टेरेसवरच्या आपल्या राहत्या घरातच कार्यक्रम सुरू केले.

१९७६ च्या जूनमध्ये त्यांनी ब्रिस्बेनच्या एका स्टुडिओत ‘(आय ॲम) स्ट्रँडेड’ हे गाणे मुद्रित केले, स्वतःच ‘फेटल रेकॉर्ड्स’ नावाची कंपनी काढली आणि सप्टेंबरात तबकडीच्या पाचशे प्रती काढल्या. लंडनच्या ‘डॅम्ड’ आणि ‘सेक्स पिस्टल्स’ यांच्या पहिल्या तबकड्या त्यानंतर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या. इथल्या लोकांनी दुर्लक्ष केले. लंडनच्या ‘साउंड्स’ साप्ताहिकाने डोक्यावर घेतले. मग ईएमआय कंपनीला आपल्या सिडनीच्या कार्यालयामार्फत ब्रिस्बेनमधल्या या मुलांचा शोध घ्यावा लागला.

आपल्याला हे अनोळखी वाटू नये. साठच्या दशकात मुंबईत सायक्लोस्टाइल यंत्रावर शेदोनशे प्रती काढून लघुनियतकालिके निघत होती. प्रकाशक दारात उभे करत नाहीत ना, मग आम्हीच छापतो, ही ती वृत्ती. त्या अंकांचा कागद भिकार आणि शाई फिसकटलेली असे. पण पुढच्या मराठी कवितेचा रस्ता त्यातूनच गेला. सेंट्सच्या पहिल्या तबकडीचा आवाजही तसाच, कडांना फाटलेला.

आता गायकीकडे वळू. क्युपरची गिटार भिंतीसारखी आहे: मधे सुरावटीचे खेळ फारसे नाहीत, स्वरसमूहांचा अखंड मारा आहे. ड्रम धावतात. या सगळ्यावर बेली गातो कसा? घाई न करता. साथ अतिद्रुत आणि गळा जणू विलंबितातून उठून आलेला. शब्द तो ओढून, अर्धवट चावून, ठेक्याच्या किंचित मागे टाकतो. पहिल्यांदा मला हा माणूस बेसूर वाटला होता. दहाव्यांदा लक्षात आले की गाण्याचा सगळा ताण या अंतरातच आहे. सभोवती सारे पळते आहे आणि मधला माणूस अडकून पडला आहे. ‘स्ट्रँडेड’ या शब्दाचा अर्थ तो गळ्याच्या चालीने सांगतो.

आणि उच्चार पाहा. तो पुरता आयरिश नाही, इंग्रज नाही, क्वीन्सलंडचाही नाही. आपल्या मुलांचे मराठी आणि इंग्रजी दोन्ही ऐकणाऱ्याला हा उच्चार कुठून येतो ते सांगावे लागणार नाही.

१९७७ मध्ये संघ लंडनला गेला. ‘धिस परफेक्ट डे’ ब्रिटिश यादीत ३४ व्या क्रमांकापर्यंत चढले. पण तोवर पंक हा गणवेश झाला होता: उभे केस, टाचण्या. ही मुले लांब केस आणि साध्या कपड्यांत आली आणि पोशाख बदलायला तयार झाली नाहीत. १९७८ च्या ‘इटर्नली युवर्स’मध्ये तर त्यांनी तुताऱ्या आणि सॅक्सोफोन आणले. ‘नो युवर प्रॉडक्ट’ हे त्यातले जाहिरातबाजीवरचे गाणे माझ्या मते त्यांचे सर्वश्रेष्ठ काम आहे. त्याच वर्षी ‘प्रीहिस्टॉरिक साउंड्स’ आला, त्यात ब्रिस्बेनवरही एक गाणे आहे. तो खपला नाही आणि संघ फुटला.

रूढ समीक्षा येथे थांबते: पहिला पंक संघ, अकाली अंत. मला हे अपुरे वाटते. ‘पहिला’ हा किताब घड्याळ पाहून देतात. पहिल्याच अल्बममध्ये ‘मेसिन विथ द किड’ हे पाच मिनिटांहून लांब, संथ, दुखरे गाणे आहे. पंकच्या चौकटीत ते बसत नाही, पण बेलीची पुढची चाळीस वर्षे त्यातूनच निघतात.

क्युपरने निराळा मार्ग धरला. बेलीने ‘सेंट्स’ हे नाव ठेवले, माणसे बदलत राहिला, हाती गिटार घेतली आणि युरोपभर हिंडला. १९८६ च्या ‘ऑल फूल्स डे’मधले त्याचे ‘जस्ट लाइक फायर वुड’ ब्रूस स्प्रिंगस्टीनने २०१४ च्या आपल्या अल्बममध्ये गायले. या काळातला बेली अधिक चांगला ‘गायक’ आहे. आवाज भरदार, सूर पक्का. पण सरसकट कौतुकही करवत नाही. समोर क्युपरची भिंत नसल्यावर त्या गळ्याला टेकायला आणि धडकायला काही उरत नाही. कित्येक गाणी नुसती सुरेख आहेत. चांगल्या गवयाला तोडीचा साथीदार लागतो, आणि साथीदाराशी पटावेच असे नाही, हा धडा आपल्या संगीतातही जुनाच आहे.

२००१ मध्ये संघाला एरियाच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. २००७ मध्ये ‘स्ट्रँडेड’ राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाच्या जतन-यादीत गेले. ज्या शहराने हाकलले त्याने नंतर हार घातले. हेही आपल्याकडे होतेच.

त्याच २००७ च्या जुलैत बेली, क्युपर आणि हे क्वीन्सलंड विद्यापीठाच्या आवारात पुन्हा एकत्र वाजवायला आले होते. माझा मुलगा गेला होता. मी त्याला आणायला गेलो आणि बाहेर मोटारीत काचा वर करून बातम्या ऐकत बसलो. तो आवाज दोनशे पावलांवर होता.

आपण इथे आलो ते मुलांचे बरे व्हावे म्हणून, आणि ‘बरे’ म्हणजे काय ते विमानात बसण्यापूर्वीच ठरवून आलो. इनालातल्या त्या आयरिश आईबापांनीही काही ठरवले असेलच. माझा मुलगा आज मेलबर्नमध्ये फार्मासिस्ट आहे, सुखात आहे. बँड सोडल्याबद्दल त्याने मला कधी दोष दिला नाही. मुले गोंगाट करतात तेव्हा त्यातले सगळेच क्रिस बेली होत नाहीत, हेही मला कळते. पण दोन मिनिटांत निकाल देण्याइतके मी तेव्हा ऐकले नव्हते.

गेल्या महिन्यात त्याला फोनवर म्हणालो की ‘नो युवर प्रॉडक्ट’ मला पहिल्या गाण्यापेक्षा सरस वाटते. तिकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, “बाबा, तिथे तुमचं चुकतंय,” आणि पाऊण तास भांडला. नव्या सांस्कृतिक सचिवांना विनंती एवढीच, की यंदाच्या तालमीत गाणे निदान पुरते ऐकून घ्यावे.