देवदूत समजलेले भूत : ‘भूतनाथ’मधील घर आणि मुले

मुलांचा चित्रपट मुलांनी एकट्याने पाहू नये, असे एक जुने मत आहे. मला ते निराळ्या कारणाने पटते. मुलांजवळ बसून पाहिले नाही, तर मोठ्यांना त्या चित्रपटातले अर्धे कळतच नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मरोळच्या आमच्या घरी नऊ वर्षांच्या नातीबरोबर ‘भूतनाथ’ पुन्हा पाहण्याचा योग आला, तेव्हा याचा प्रत्यय आला. विवेक शर्मा दिग्दर्शित हा हिंदी चित्रपट मे २००८ मध्ये प्रदर्शित झाला. त्या वेळी मी तो ‘संस्कारक्षम’ म्हणून वाखाणला होता. आता तसे निःशंकपणे म्हणवत नाही. मात्र त्यातील जे भावले होते, ते अजूनही भावते.

कथा साधी आहे. बोटीवर नोकरी करणारा आदित्य (शाहरुख खान), त्याची पत्नी अंजली (जुही चावला) आणि मुलगा बंकू (अमन सिद्दिकी) गोव्यातील ‘नाथ व्हिला’ या जुन्या बंगल्यात राहावयास येतात. नवरा पुन्हा समुद्रावर निघून जातो. घरात मायलेक उरतात, आणि उरतो घराचा मृत मालक कैलासनाथ (अमिताभ बच्चन). कोणी आपल्या घरात राहू नये म्हणून तो भेडसावू पाहतो. परंतु बंकू भीत नाही. त्याच्या आईने त्याला सांगून ठेवले आहे की भुते नसतात, देवदूत असतात. समोर उभा ठाकलेला म्हातारा देवदूतच असणार, अशा समजुतीने बंकू त्याच्याशी बोलू लागतो.

या चित्रपटातील सर्वांत सुंदर कल्पना हीच आहे. आपल्या घरांतून मुलांना झोपण्यापूर्वी रक्षक देवदूताची प्रार्थना शिकवतात. त्या प्रार्थनेवर वाढलेल्या मुलाने अशा प्रसंगी नेमके हेच केले असते. बंकू रूढ अर्थाने शहाणा मुलगा नव्हे. तो उलट उत्तरे देतो, खोड्या काढतो. शाळेत त्याच्यावर तक्रारी होतात. (त्या शाळेचे मुख्याध्यापक मुलांचे डबे फस्त करतात. सतीश शहा यांनी ती भूमिका झकास रंगवली असली, तरी शिक्षकाची एवढी स्वस्त टवाळी मला रुचली नाही.) तरीही म्हाताऱ्याशी वागताना बंकूचे सौजन्य खरे आहे. तो त्याच्याशी खेळतो, भांडतो, त्याला प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतो. कैलासनाथाचा सख्खा मुलगा विजय सुशिक्षित आहे, परदेशात स्थिरावलेला आहे. पण बापापाशी थांबावयास त्याला सवड नाही. पाहुण्यांसमोर ‘नमस्ते’ म्हणवून घेतले की मुलाला वळण लागले, असे मानणाऱ्या आम्हा मोठ्यांना हा विरोध पुरेसा बोलका वाटावा.

चित्रपट उत्तरार्धात वळतो तो या विजयकडे. बापाने हौसेने बांधलेले घर आहे. मुलगा शिकावयास अमेरिकेत जातो, तेथेच संसार थाटतो. भेटीस आलेला तो पुन्हा जाऊ लागतो, त्याला अडवू पाहणारा वृद्ध जिन्यावरून पडून मरण पावतो. पुढे मुलगा परततो तो घर विकण्यासाठी. गोष्ट गोव्याची असली, तरी अंधेरी-बोरिवलीच्या गावठाणांतील वाचकाला हा बंगला अनोळखी वाटणार नाही. मरोळ, चकाला, आंबोली येथील जुन्या ईस्ट इंडियन घरांपैकी कित्येकांच्या जागी आज इमारती उभ्या आहेत. जी उरली आहेत, त्यांतील एखाद्या घराच्या मालमत्ता पत्रकावर पाच-सहा भावंडांची नावे असतात. त्यांतली दोन कॅनडात, एक आखातात, आणि ओटीवर खुर्ची टाकून बसलेली आई किंवा बाप. चित्रपट येण्याच्या काही महिने आधीच, २००७ साली, संसदेने पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला होता. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, तो सांभाळ झाला नाही तर परत मिळविता येईल, अशी तरतूद त्यात आहे. बापलेकांमधील व्यवहार कायद्याच्या कलमापर्यंत पोहोचला होता, त्या काळातले हे भूत आहे.

येथेच माझी तक्रार सुरू होते. या चित्रपटामागे ऑस्कर वाइल्डची ‘द कँटरव्हिल घोस्ट’ ही १८८७ सालची कथा आहे. तिच्यातील जुळी मुले भुताला उशा फेकून मारतात. त्यांच्यापुढे बंकू सोज्ज्वळच म्हणावा. परंतु वाइल्डचे भूत अपराधी आहे, त्याने आपल्या पत्नीचा खून केलेला आहे. व्हर्जिनिया ही कोवळी मुलगी त्याच्या पापांसाठी रडते, प्रार्थना करते, तेव्हा त्याला विसावा लाभतो. ‘भूतनाथ’मध्ये हे सारे उलटे झाले आहे. भूत निष्पाप, वारस अपराधी. श्राद्ध होते, मुलगा क्षमा मागतो, बाप क्षमा करतो. बापाने क्षमा मागावी असे काही घडलेच नव्हते, असे चित्रपट गृहीत धरून चालतो.

नातीने नेमके तेथे विचारले, “त्या आजोबांनी त्याला कधी विचारलं होतं का, तुला का जायचंय ते?”

मला उत्तर देता आले नाही. पटकथेत उत्तर नाही. मुलगा दूर गेला तो केवळ स्वार्थाने, असे दाखविणे सोपे असते. पण बापाचा हट्ट, भावंडांतील डावे-उजवे, वर्षानुवर्षे न बोललेला राग यांनीही घरे रिकामी होतात. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बाप वाटा मागणाऱ्या मुलाला अडवीत नाही. वाटा देतो, जाऊ देतो, आणि परतताना तो दुरून दिसताच धावत निघतो. कैलासनाथ जिन्यावर वाट अडवतो. तो दोष नव्हे, माणूसपण आहे. ते माणूसपण मुलांना दिसू दिले असते, तर बच्चन यांच्या अभिनयालाही खोली लाभली असती. दु:ख आणि मिस्किलपणा यांचे मिश्रण त्यांना साधले आहे, पण पटकथा त्यांना फार लवकर संत करून टाकते.

आणखी एक सल सांगितल्यावाचून राहवत नाही. गोव्यातील या कथेत दारुडा कोण, तर अँथनी! राजपाल यादव यांनी तो उभा केला आहे, आणि मुले खदखदून हसतात. ‘अमर अकबर अँथनी’त (१९७७) याच बच्चन यांनी दारूच्या नशेत आरशाशी बोलणारा अँथनी अजरामर केला, पण तो अँथनी शूर होता, उदार होता, भावांसाठी जीव टाकणारा होता. एकतीस वर्षांनंतर त्याच्यापाशी फक्त दारू उरलेली दिसते. शेजाऱ्याविषयी आदर हादेखील वळणाचाच भाग आहे, हे मुलांच्या चित्रपटाने विसरावे याचे वाईट वाटते.

शेवटी मुक्ती मिळालेला कैलासनाथ पुन्हा बंकूसमोर येतो. समीक्षक म्हणून मला ही तडजोड वाटते. निरोप एकदा घेतला की तो निरोपच असावा. अन्यथा त्या श्राद्धविधीचे गांभीर्य तरी कोठे राहिले? हे मी नातीला समजावू लागलो. तिने मला हातानेच गप्प केले आणि तेवढा भाग पुन्हा लावावयास सांगितला.