रेषेचे स्वप्न : नसरीन मोहमदी यांची छायाचित्रे

सोलापूर-पुणे महामार्गावर मोडनिंबला उतरले की दोन प्रकारच्या रेषा लगेच दिसतात : डांबरावरचे पांढरे पट्टे आणि पलीकडच्या रानातली नांगराची तासं. रोज पाहणाऱ्याला त्यांचे अप्रूप नसते. नसरीन मोहमदी यांची कृष्णधवल छायाचित्रे पाहिल्यानंतर मात्र याच रेषा अनोळखी वाटू लागतात. हे कसे घडते, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे.

नसरीन यांचा जन्म 1937 साली कराचीत झाला, वाढल्या मुंबईत. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये त्यांनी कलाशिक्षण घेतले. वडिलांचा व्यवसाय बहारीनमध्ये असल्याने वाळवंटही डोळ्यांच्या सवयीचे झाले. 1972 पासून त्यांनी बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत अध्यापन केले. 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले. शाई-पेन्सिलीच्या सूक्ष्म रेखाटनांमुळे त्यांचे नाव झाले. छायाचित्रे मात्र त्यांनी हयातीत प्रदर्शित केली नाहीत. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मेट ब्रॉयर’चे दार उघडले तेव्हाच्या प्रदर्शनांत त्यांचे प्रदर्शन होते.

छायाचित्रातले स्वप्न आपल्याकडे जुनेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शापूर भेदवार पात्रांना वेषभूषा देऊन, नेपथ्य मांडून, चित्रासारखे प्रसंग उभे करीत. तिथे स्वप्न रचले जाई. म्हणजे वस्तूंची भर पडे. नसरीन यांची रीत उलटी. किहीमच्या वाळूवर ओहोटीने सोडलेल्या रेघा, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, मागावर ताणलेले सूत : विषय साधे आहेत. पण क्षितिज काढून टाकले, माणूस काढून टाकला, की मोजमापाचा आधार जातो. समोर आहे ते वीतभर की मैलभर, हे कळेनासे होते. स्वप्नातही नेमके हेच होते. तिथे वस्तू ओळखीची असते, फक्त तिचा पत्ता हरवलेला असतो.

ही छायाचित्रे म्हणजे रेखाटनांची कच्ची टिपणे, असे एक मत आहे. ते मला अपुरे वाटते. रेखाटनात वाळू उरत नाही, उरते ती रेषा. छायाचित्रात वाळूचा कण आणि रेषा एकाच वेळी दिसतात. वस्तू नाहीशी होण्याच्या बेतात असते, पण अजून गेलेली नसते. हा उंबरठा रेखाटनात नाही. म्हणून या छायाचित्रांचे मोल स्वतंत्र मानायला हवे. अर्थात त्यांना ‘कलाकृती’ म्हणण्याचा निर्णय आपला आहे, त्यांचा नव्हे, याचेही भान ठेवावे लागते.

सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला मात्र मागाच्या छायाचित्रापुढे अडखळायला होते. ताणा सुरेख आहे. विणकर कुठे आहे? ज्या जिल्ह्यात मागाच्या आवाजावर घरे चालली, तिथे सुताचे असे निर्मनुष्य सौंदर्य सहज पचत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि नसरीन यांच्या थोरवीपुढे तो गुंडाळून ठेवू नये. त्यांच्या नजरेची ही मर्यादाच आहे.

पण वगळण्याच्या या शिस्तीतून त्यांनी स्वतःलाही सूट दिली नाही, हेही नोंदवायला हवे. अखेरच्या दशकात चेतासंस्थेच्या आजाराने शरीराच्या हालचालींवरचा ताबा सुटत गेला, तरी कागदावरच्या रेषेत त्या थरथरीचा मागमूस नाही. कृतींना शीर्षके नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. विणकराइतकाच त्यांचा स्वतःचा हातही चित्राबाहेर राहिला.

म्हणून या छायाचित्रांकडे दोनदा पाहावे. पहिल्यांदा रेषेसाठी, दुसऱ्यांदा, त्या रेषेतून कोण निघून गेले आहे ते आठवण्यासाठी. मोडनिंबच्या रानातली तासंही मग निव्वळ रेषा राहत नाहीत. ती कुणीतरी ओढलेली असतात.