यादीत नसलेलं पुस्तक

माझ्या पहिल्या कथासंग्रहाच्या शेवटच्या पानावर एक ओळ छापलेली आहे. 'लेखिकेची आगामी कादंबरी : बुडालेली बस्ती.' ही कादंबरी कधी आली नाही. येणारही नाही. पण तो संग्रह कुणाच्या कपाटात असेल, तर त्या घरात ती अजून 'आगामी'च आहे.

तो संग्रह मीच छापला होता. कागद उधारीवर, छपाई शहापुरातल्या एका लहान प्रेसमध्ये, आणि गठ्ठे अण्णांच्या कापडदुकानात, लुगड्यांच्या खालच्या फळीवर. संग्रह बऱ्यापैकी खपला तशी हिंमत वाढली. कादंबरीसाठी प्रकाशनपूर्व सवलत जाहीर केली, चाळीस रुपये. एकतीस जणांनी पैसे भरले. कथा अद्भुत होती. धरणाच्या पाण्याखाली गेलेली एक बस्ती दर उन्हाळ्यात वर येते, आणि एका वर्षी तिच्यात दिवा लागलेला दिसतो. ही कल्पना मी ज्याला त्याला सांगत सुटले. लग्नात सांगितली, एस.टी.त सांगितली, साहित्य संमेलनाच्या मांडवात सांगितली. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे झाले की मला वाटायचं, झालं, कादंबरी जमली. दोन वर्षांनी लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की दिवा कुणी लावला हे मलाच ठाऊक नाही, आणि ते शोधण्याची भूकही आता उरलेली नाही.

हे सगळं परत आठवायला कारण झाला माझा भाचा. तो ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाचा भक्त आहे. एक दिवस मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "आत्या, हे बघ. पुढच्या पुस्तकाचं काम किती टक्के झालंय ते हा माणूस लोकांना दाखवतो." पट्टी भरत चाललेली होती, विहिरीत पाणी चढावं तशी. मी म्हटलं, "लेखक आहे की गुत्तेदार?" तो रागावला. मग मी सँडरसन वाचायला घेतला. आधी भाच्याला गप्प करण्यासाठी, नंतर स्वतःसाठी.

सँडरसनला छापणारे मोठे प्रकाशक पहिल्यापासून आहेत. त्याची 'एलांट्रिस' ही पहिली प्रकाशित कादंबरी २००५ सालची. पण तिच्याआधीची गोष्ट महत्त्वाची. हॉटेलात रात्रपाळीला काउंटरवर बसून हा माणूस कादंबरीमागून कादंबरी लिहीत होता. 'एलांट्रिस' त्याने लिहिलेली सहावी, आणि ती स्वीकारल्याचा निरोप आला तेव्हा तो तेराव्या कादंबरीवर काम करत होता. त्या काळात त्याला 'पुढचं कधी?' असं विचारणारं कुणी नव्हतं.

आज तो दर डिसेंबरात वर्षाचा जाहीर हिशेब देतो. काय लिहून झालं, काय चालू आहे, कोणती मालिका कशानंतर हातात घेणार, कोणत्या कल्पना नुसत्या मनात पडून आहेत, सगळं. 'स्टॉर्मलाइट' ही त्याची मुख्य मालिका दहा पुस्तकांची ठरवलेली आहे, पाच-पाचच्या दोन भागांत. पाचवं पुस्तक 'विंड अँड ट्रुथ' डिसेंबर २०२४ मध्ये आलं. म्हणजे निम्मा रस्ता झाला, निम्मा राहिला, आणि उरलेल्याचा नकाशा वाचकांच्या हातात आहे.

हा हिशेब वाचताना मला अण्णांची कीर्द आठवली. अण्णा रोज रात्री दुकान बंद करण्याआधी जमा-नावे लिहायचे. त्यांचा एक नियम होता. येणार असलेला पैसा ते कधी जमेच्या बाजूला धरत नसत. "गिऱ्हाईक शब्द देऊन गेलंय" असं मी म्हटलं तर म्हणायचे, "शब्द खतावणीत असतो, गल्ल्यात नसतो."

सँडरसनच्या हिशेबातही दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच कागदावर येतात असं मला वाटतं. 'इतकं लिहून झालं' हा एक प्रकार. ती कीर्द. तिने कुणाचं नुकसान होत नाही. उलट, वाट पाहणाऱ्याला मान दिला जातो. 'अमुक एक कथा कधीतरी लिहायची आहे' हा दुसरा प्रकार. तो शब्द. वाचक दोन्ही एकाच चवीने चघळतात. भाचा आणि त्याचे मित्र न लिहिलेल्या पुस्तकांवर तासन् तास वाद घालतात. पुस्तक यायच्या आधीच त्यांनी ते मनात चार वेळा वाचून संपवलेलं असतं.

याचा ठसा लेखनावर उमटतो का? माझ्या मते उमटतो. 'विंड अँड ट्रुथ' हे तेराशेहून जास्त पानांचं पुस्तक दहा दिवसांत वाटलेलं आहे. एकेका दिवसाचा एकेक भाग. बांधणी चोख. मागच्या चार पुस्तकांत दिलेला जवळजवळ प्रत्येक शब्द इथे पाळायला घेतलेला आहे. आणि तिथेच मला ते जड झालं. पात्रं एका जागेहून दुसऱ्या जागी जातात ती पुष्कळदा मनात काही उसळलं म्हणून नव्हे, तर देणं फेडायचं आहे म्हणून. पट्टी शंभरावर पोचते, पण शंभर टक्के म्हणजे किती पानं झाली एवढंच. आत जीव किती हे पट्टी सांगत नाही, आणि सांगण्याचा दावाही करत नाही. तो दावा आपणच तिच्यावर लादतो.

आता उलट बाजू. मार्च २०२२ मध्ये सँडरसनने एक जाहीर केलं आणि सगळे थक्क झाले. करोनाच्या काळात, कुणालाही न सांगता, कोणत्याही यादीत न घालता, त्याने चार कादंबऱ्या लिहून ठेवल्या होत्या. त्या तो स्वतःच्या कंपनीतर्फे, लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन छापणार होता. आपल्या प्रकाशनपूर्व सवलतीचंच मोठं रूप. मागितले होते दहा लाख डॉलर. तीस दिवसांत जमले चार कोटी सतरा लाख डॉलर, एक लाख पंच्याऐंशी हजारांहून अधिक माणसांकडून. २०२३ च्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत चारही पुस्तकं ठरल्याप्रमाणे आली.

या आकड्यांवर खूप बोललं गेलं. त्यातली साधी गोष्ट मात्र मागे पडली. सर्वात मोठा पैसा ज्या घोषणेला मिळाला, ती घोषणा 'लिहिणार आहे' अशी नव्हती, 'लिहिलं आहे' अशी होती. माल तयार होता. मी एकतीस जणांचे चाळीस-चाळीस रुपये घेतले तेव्हा माझ्याकडे एक दिवा होता, तोही दुसऱ्याच्या डोळ्यांत लागलेला.

त्या चारांतली 'ट्रेस ऑफ द एमराल्ड सी' मला सँडरसनच्या मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत उजवी वाटते. एका खडकाळ बेटावर खिडक्या पुसणारी, पेले जमवायचा छंद असलेली मुलगी. तिच्या जगात समुद्र पाण्याचा नाही. बारा चंद्रांवरून झरणाऱ्या बीजकणांचा आहे. त्या हिरव्या कणांना थेंबभर पाणी लागलं की क्षणात वेली फुटतात आणि माणसाचा जीव घेतात. तिचा सखा नाहीसा होतो, आणि ही पोर त्याला शोधायला त्या समुद्रावर निघते. सूत्र जुनंच, फक्त उलटं केलेलं. 'प्रिन्सेस ब्राइड' हा सिनेमा घरी बघताना, त्यातली नायिका नुसती वाट न बघता स्वतः शोधायला निघाली असती तर, असा विषय त्याच्या बायकोने काढला. आणि तिच्यासाठी म्हणून त्याने हे लिहिलं.

म्हणजे ऐकणारी एकच. तिने कधी टक्के विचारले नसावेत. पुस्तक हलकं आहे, मिश्कील आहे, निवेदक मध्येच थांबून गप्पा मारतो. कोणतंही देणं फेडायचं नाही, म्हणून प्रत्येक वळण त्या मुलीच्या स्वभावातून येतं. संकटात ती आधी घाबरते, मग विचार करते, मग प्रश्न विचारते. दहा पुस्तकांच्या नकाशात तिला जागा नव्हती, म्हणूनच ती मोकळेपणाने चालली असं मी म्हणेन.

मग लेखकाने पुढचं काही सांगूच नये का? इतकं सरळ नाही. त्याला दोन-तीन दाखले आड येतात.

रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' ही प्रचंड मालिका अपुरी असताना तो २००७ मध्ये गेला. दुखण्यात असताना त्याने टिपणं लिहून ठेवली होती, काही प्रसंग बोलून ठेवले होते, शेवट सांगून ठेवला होता. त्याची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल हिने पुढचं काम सोपवलं ते याच सँडरसनला. एक पुस्तक उरलं होतं; त्याची तीन झाली, शेवटचं २०१३ मध्ये आलं. जॉर्डनने आपली कथा पोटातच ठेवली असती तर ती त्याच्याबरोबर गेली असती.

आपल्याकडे काशीच्या देवकीनंदन खत्रींनी 'चंद्रकांता'च्या यशानंतर स्वतःचा लहरी प्रेस काढला आणि तिलिस्मी कादंबऱ्या स्वतःच छापल्या. त्या वाचण्यासाठी लोक हिंदी शिकले असं म्हणतात. १९१३ मध्ये ते गेले तेव्हा 'भूतनाथ' अपुरी होती. ती मुलाने, दुर्गाप्रसादांनी पुरी केली.

आणि आमच्या बस्तीत चातुर्मासात जे आदिपुराण वाचलं जायचं, तेही असंच. नवव्या शतकातले जिनसेनाचार्य. सत्तेचाळीस पर्वांपैकी बेचाळीस पूर्ण झाली, त्रेचाळिसाव्याचे तीन श्लोक झाले, आणि लेखणी थांबली. पुढचं शिष्य गुणभद्रांनी लिहिलं, आणि वर उत्तरपुराणही. त्यांनी आरंभीच नम्रपणे म्हटलं आहे की ऊस जसा पहिल्या भागात रसाळ, तसंच हे. पुढचं माझ्या हातून जसं होईल तसं होवो. ऊसवाल्या मुलखात वाढलेल्या मला लहानपणी हे ऐकून फार गंमत वाटायची. वाचणारे पंडितजी त्या जागी थांबायचे आणि म्हणायचे, "इथून हात बदलला, बरं का. गोष्ट तीच."

या तिन्ही ठिकाणी पुढची गोष्ट सांगितली गेली ती कुणाला? जो ती वाहून नेणार होता त्याला. शिष्याला, मुलाला, बायकोला. मांडवातल्या गर्दीला नव्हे. कल्पना सांगण्यात खोट नाही. ती सांगून मिळणाऱ्या वाहवावर पोट भरतं, त्यात आहे. सँडरसनबद्दल मला आदर वाटतो तो इथे. हा माणूस यादीही देतो, आणि यादीबाहेर गुपचूप चार पुस्तकंही लिहितो. त्याला वाहवा पुरत नाही, त्याला रात्रपाळीचं ते टेबल अजून लागतं. माझ्यासारखीला वाहवा पुरली. फरक प्रतिभेचा असेलच, पण आधी तो भुकेचा आहे.

एकतीस जणांपैकी तीस जणांचे पैसे मी मनीऑर्डरने परत केले. निपाणीच्या एका मास्तरांनी घेतले नाहीत. मनीऑर्डर परत आली, मागोमाग कार्ड. पैसे कादंबरीचे आहेत, कादंबरी आली की फिटतील, अशा अर्थाचा मजकूर होता. दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, शेवटी एकच प्रश्न : बस्तीत दिवा कुणी लावला? मी उत्तर टाळत राहिले. एका वर्षी कार्ड आलं नाही, तेव्हा समजले. अण्णांनी त्यांच्या वहीत ते चाळीस रुपये 'देणे' म्हणून लिहिले होते. अण्णा गेले, दुकान गेलं, वही माझ्याकडे आहे. ते देणं अजून तसंच उभं आहे.

परवा या पुस्तकाची मुद्रितं तपासत होते. प्रेसमधल्या मुलाने विचारलं, "बाई, शेवटचं पान कोरं राहतंय. आगामी पुस्तकांची नावं टाकू या का?" मी म्हटलं, कोरंच राहू दे. भाचा शेजारी बसला होता. त्याने विचारलं, "म्हणजे आत्या, तू काही लिहीत नाहीस?"

त्याला मी काही सांगितलं नाही.