पौलाची पद्धत आणि आपली हिशेबवही

रोलंड ॲलन या अँग्लिकन धर्मगुरूंचा ‘मिशनरी मेथड्स : सेंट पॉल्स ऑर अवर्स?’ हा ग्रंथ १९१२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्नचिन्ह शीर्षकातच आहे : धर्मप्रसाराच्या पद्धती संत पौलाच्या की आमच्या? शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या आणि कॅथलिक नसलेल्या लेखकाच्या पुस्तकाचा परामर्श या पृष्ठांत कशासाठी, असे एखादा वाचक विचारील. त्याला उत्तर असे की, परदेशातून येणारा आधार आटला तर आपली मिशन केंद्रे, शाळा आणि दवाखाने चालायचे कसे, हा विषय अलीकडे आपल्या सभांतून वारंवार निघतो. आणि त्या विषयाच्या मुळाशी इतक्या निर्भयपणे गेलेला दुसरा ग्रंथ माझ्या वाचनात आलेला नाही. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. अशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या दिल्लीतील एका ठरावीक शाखेतच स्वीकारण्याचे बंधन आले, एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तेव्हापासून ‘स्वावलंबन’ हा शब्द आपल्याकडे फार ऐकू येतो. तो उच्चारताना आपल्या स्वरात काळजी असते. ॲलन यांच्या स्वरात ती नाही. त्यांच्या दृष्टीने स्वावलंबन ही पैसा संपल्यावर करावयाची तजवीज नसून पहिल्या दिवसापासून पाळावयाचे पथ्य आहे.

ग्रंथकर्त्याचा थोडा परिचय आवश्यक आहे. ॲलन यांचा जन्म १८६८ सालचा. एस. पी. जी. या इंग्लंडमधील मिशनरी संस्थेमार्फत ते १८९५ साली उत्तर चीनला गेले. (याच संस्थेचे काम आपल्या अहमदनगर परिसरातही होते.) १९०० सालच्या बॉक्सर उठावात पेकिंगमधील परकीय वकिलातींना वेढा पडला, त्यात ते स्वतः अडकले होते. ख्रिस्ती धर्म हा परक्यांचा धर्म आहे, असे एखाद्या समाजाला वाटू लागले की काय घडते, हे त्यांनी त्या भिंतींच्या आतून पाहिले. प्रकृतीमुळे इंग्लंडला परतल्यावर ते एका धर्मग्रामाचे प्रमुख झाले आणि १९०७ साली त्यांनी ते पद सोडले. ज्या आईबापांचा श्रद्धेशी काही संबंध उरलेला नाही, त्यांच्या मुलांना केवळ रूढी म्हणून स्नानसंस्कार देत राहणे त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला पटेना. (आपल्यापैकी किती धर्मगुरू एवढ्या कारणासाठी पद सोडतील, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.) पुढे आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केनियात काढली आणि १९४७ साली नैरोबी येथे त्यांचे निधन झाले.

ग्रंथातील मूळ प्रतिपादन साधे आहे. संत पौलाने दहा-बारा वर्षांच्या अवधीत गलतिया, मासेदोनिया, अखया आणि आशिया या चार प्रांतांत ख्रिस्तसभा स्थापन केल्या. प्रत्येक ठिकाणी तो काही महिने, फार तर दोन-तीन वर्षे राहिला, तिथल्याच माणसांतून वडीलजनांची नेमणूक झाली आणि तो पुढे निघाला. आधुनिक मिशन मात्र पन्नास-पन्नास वर्षे एके ठिकाणी ठाण मांडून बसते, तरी तेथील श्रद्धावंत अद्याप ‘तयार’ झालेले नसतात. तयार का होत नाहीत? ॲलन म्हणतात, कारण आम्ही त्यांना तयार होऊच देत नाही.

या ग्रंथातील अर्थव्यवहाराचे प्रकरण हे माझ्या मते त्याचे हृदय आहे. संत पौलाच्या आचरणातून ॲलन तीन नियम काढतात. त्याने ज्यांना उपदेश केला त्यांच्याकडून स्वतःसाठी पैसा मागितला नाही. त्याने त्यांच्याकडे बाहेरून पैसा नेला नाही. आणि त्यांनी गोळा केलेल्या पैशाचा कारभार त्याने आपल्या हाती घेतला नाही. पहिला नियम आपण सगळेच जाणतो. तंबू शिवणारा पौल आपल्या प्रवचनांतून अनेकदा भेटतो. दुसरा नियम ऐकून अस्वस्थ व्हायला होते. तिसऱ्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

दुसऱ्या नियमाच्या विवेचनात ॲलन यांनी मिशनच्या जमिनी व इमारतींवर जे लिहिले आहे, ते वाचताना आपल्या ओळखीचे एखादे आवार डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही. मिशनरी प्रथम जमीन घेतो. जमीन आली की तंटे, कागदपत्रे आणि कज्जे आले. मग तो त्या जागेला बांधला जातो. काम दुसरीकडे सरकले तरी त्याला सरकता येत नाही. इमारत परक्या पैशाने, परक्या नमुन्यावर उभी राहते. स्थानिक माणूस तशी इमारत स्वतः कधी बांधू शकला नसता, म्हणून ती आपली आहे असे त्याला वाटत नाही आणि तिची कौले बदलण्याची वेळ आली की तो मिशनकडे पाहतो. शेवटी स्थानिक उत्तराधिकारी नेमण्याची वेळ येते, तेव्हा एवढा पसारा त्याला पेलायचा कसा, ही अडचण पुढे येते. म्हणजे परावलंबन श्रद्धावंतांच्या आळसातून आलेले नाही. ते पायाच्या दगडाबरोबरच घातले गेले आहे. वर्गणी देत नाहीत म्हणून लोकांना दोष देणाऱ्या प्रत्येकाने हे विवेचन वाचावे.

तिसऱ्या नियमाकडे वळू. मिशनमध्ये नवश्रद्धावंत वर्गणी देत, पण ती मिशनच्या खजिन्यात जाई आणि तिचा हिशेब इंग्लंडमधील देणगीदारांना व संस्थेला सादर होई. देणाऱ्याला आपल्या आण्याचे काय झाले ते कळत नसे. ॲलन यांच्या दृष्टीने हा केवळ व्यवस्थेचा दोष नाही. जो पैसा आपण खर्च करू शकत नाही, ज्याच्याविषयी चूक करण्याचाही अधिकार आपल्याला नाही, तो देणे म्हणजे कर भरणे. त्याला अर्पण म्हणता येत नाही. अर्थव्यवहाराचे खरे महत्त्व रकमेत नसून माणसामाणसांतील नात्यावर होणाऱ्या परिणामात आहे, हे त्यांचे सूत्र मला या विषयावरील सर्व लेखनात सर्वांत मर्मग्राही वाटते.

ॲलन यांची शैली वकिलाची आहे. ते आक्षेप स्वतःच मांडतात, त्याला पुरेशी जागा देतात आणि मग दोन-चार वाक्यांत तो निकालात काढतात. हे वाचताना आनंद होतो, पण सावधही राहावे लागते, कारण निकालात निघालेला प्रत्येक आक्षेप सुटलेला असतोच असे नाही. पौलाचा काळ अनुकूल होता, त्याचे श्रोते सभास्थानात शास्त्र ऐकून तयार झालेले होते, हा आक्षेप त्यांनी असाच हाताळला आहे. त्यांचे उत्तर मला अपुरे वाटते. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया आणि सबंध मंडळीचे आतिथ्य करू शकणारा गायस ज्या ख्रिस्तसभेत आहेत, तिला बाहेरच्या पैशाची गरज नव्हती यात नवल काय? आपल्या दख्खनच्या मिशनमध्ये आले ते बहुतेक भूमिहीन, गावकीच्या बलुत्यावर जगणारे, दुष्काळाने मोडलेले लोक. पाटलाच्या वाड्यावर हात पसरणे ज्यांच्या कपाळी लिहिले गेले होते, त्यांना मिशनच्या बंगल्यावर जाणे अपमानास्पद वाटले नाही. दाता बदलला, रीत तीच राहिली. अशा माणसांना पहिल्या दिवशी ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ म्हणणे हे पौलाचे अनुकरण ठरले नसते, निर्दयपणा ठरला असता. भुकेल्याला भाकरी देणे आणि ख्रिस्तसभा चालविण्यासाठी पैसा देणे यांत जो भेद करायला हवा, तो ॲलन पुरेसा स्पष्ट करीत नाहीत.

या ग्रंथाच्या रचनेत आणखी एक दोष आहे. येरुशलेममधील गरिबांसाठी संत पौलाने गोळा केलेल्या निधीची चर्चा ॲलन यांनी अर्थव्यवहाराच्या प्रकरणात न करता ख्रिस्तसभेच्या एकतेच्या प्रकरणात केली आहे. तेथे ती योग्यच आहे; पण केवळ अर्थव्यवहाराचे प्रकरण वाचणाऱ्याचा असा समज होतो की, स्वावलंबन म्हणजे प्रत्येकाने आपले आपण पाहावे. वस्तुतः पौलाच्या पत्रांत पैसा सतत प्रवास करतो आहे, मात्र दिशा उलटी आहे. नव्या ख्रिस्तसभा मातृसभेला देत आहेत. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मासेदोनियाच्या लोकांचे दारिद्र्य आणि त्यांचे औदार्य यांचा उल्लेख एकाच दमात येतो. हे ध्यानात घेतले की स्वावलंबनाची व्याख्याच बदलते. जी ख्रिस्तसभा दुसऱ्याला देऊ शकते ती उभी राहिली; जिने फक्त मागणे बंद केले तिचे तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

ॲलन यांच्या विचाराचा कॅथलिक जगातील वारस म्हणजे व्हिन्सेंट डोनोवन. होली घोस्ट संघाचे हे अमेरिकन धर्मगुरू टांझानियातील मसाई लोकांत काम करीत होते. त्यांचे ‘ख्रिश्चॅनिटी रीडिस्कव्हर्ड’ हे पुस्तक १९७८ साली निघाले आणि त्यावर ॲलन यांचा ठसा स्पष्ट आहे. १८६८ साली बागामोयो येथे गुलामांना पैसे देऊन सोडवण्यापासून त्या मिशनचा इतिहास सुरू होतो, म्हणजे पूर्व आफ्रिकेत शुभवर्तमान आणि पैसा पहिल्या पावलापासून एकत्र चालले. हेतू थोर होता, यात शंका नाही. १९६६ च्या मे महिन्यात डोनोवन यांनी आपल्या बिशपांना पत्र लिहून लोलियोंडो मिशनचा ताळेबंद मांडला : चांगल्या शाळा आहेत, इस्पितळ आहे, मसाईंशी सलोखा आहे, धर्माचरण करणारा प्रौढ मसाई एकही नाही. मग शाळा आणि इस्पितळ मागे ठेवून, मसाईंच्या वस्त्यांवर जाऊन केवळ परमेश्वराविषयी बोलण्याची परवानगी त्यांनी मागितली. वाङ्मय म्हणून हे पुस्तक ॲलन यांच्या ग्रंथापेक्षा सरस आहे, कारण त्यात मसाई माणसे बोलतात, प्रतिप्रश्न करतात. ॲलन यांच्या ग्रंथात चिनी माणसाचा आवाज क्वचितच येतो.

मराठीत असा आवाज आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना टिळकांचा पैशाविषयीचा बेफिकीरपणा आणि त्यापायी लक्ष्मीबाईंची होणारी ओढाताण ठाऊक आहे, म्हणून हा निर्णय लहरीचा समजला जातो. तो तसा नव्हता. मिशनचा पगार घेणारा माणूस आपल्याच देशबांधवांना ख्रिस्त सांगताना परका दिसतो, हे टिळकांना कळून चुकले होते. १९१९ साली त्यांचे निधन झाले आणि दरबार पुढे वाढला नाही. पण ॲलन यांचा दुसरा नियम येथे एका मराठी कवीने स्वतःच्या संसारावर लावून पाहिला होता.

आता तिसऱ्या नियमाविषयी, कारण तो आपल्याला चिकटलेला आहे. परदेशी मिशनरी गेले. त्यांच्या जागी आपलेच धर्मगुरू आले. खजिन्याची किल्ली मात्र त्याच मेजाच्या त्याच खणात राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मप्रसारावरील आपल्या दस्तऐवजात, नव्या ख्रिस्ती समाजाने शक्य तितक्या आपल्या गरजा आपणच भागवाव्यात अशी त्याची घडण प्रारंभापासून व्हावी, असे म्हटले. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील कलम २२२ श्रद्धावंतांना ख्रिस्तसभेच्या गरजा भागविण्याचे कर्तव्य सांगते आणि आम्ही धर्मगुरू ते वेदीवरून वाचून दाखवतो. त्याच कायद्यातील कलम ५३७ प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी असे सांगते, आणि कलम १२८७ श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांनाच द्यावा असे सांगते. ही दोन कलमे किती वेदींवरून वाचली जातात? सणाच्या वर्गणीचा हिशेब गावाला मागून घ्यावा लागतो, आणि मागणाऱ्याच्या श्रद्धेविषयी शंका घेतली जाते; मग लोक देत नाहीत म्हणून कुरकुरण्यात काय अर्थ आहे? जुन्या मिशनची सवय नव्या झग्यात तशीच वावरते आहे.

या बाबतीत पौल ॲलन यांच्याहीपेक्षा कडक आहे. येरुशलेमचा निधी त्याने एकट्याने नेला नाही. करिंथकरांनी पसंत केलेली माणसेच ती रक्कम घेऊन जातील, असे त्याने पहिल्या पत्रात कळविले. आणि एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून ख्रिस्तसभांनी निवडलेला सोबती बरोबर घेतल्याचे दुसऱ्या पत्रात स्पष्ट केले. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तर तो चक्क व्यापाऱ्यांच्या भाषेत बोलतो. देण्याघेण्याच्या खात्याचा उल्लेख करतो आणि त्यांनी एपाफ्रदीतच्या हाती पाठविलेले सर्व आपल्याला पावले असे कळविताना तो जे ग्रीक क्रियापद वापरतो, ते त्या काळच्या पावत्यांवर आढळते. तुरुंगात बसलेल्या प्रेषिताने एका गरीब ख्रिस्तसभेला रक्कम मिळाल्याची पोच दिली आहे, तीही पत्रातच, सर्वांसमक्ष वाचली जाईल अशा रीतीने.