ग्रंथप्रेमी, पुस्तकवेडा आणि ज्याच्याकडे कपाट नाही तो

मराठीत पुस्तकांवर जीव असलेल्या माणसासाठी शब्दांची कमी नाही. ग्रंथप्रेमी, ग्रंथसंग्राहक, पुस्तकवेडा, पुस्तकी किडा. नीट पाहिलं तर या शब्दांचे दोनच ढीग पडतात. एकात शाल-श्रीफळाचे शब्द, म्हणजे 'ज्येष्ठ ग्रंथप्रेमी' वगैरे. दुसऱ्यात टोमणे आणि लाडाने म्हटलेले आजार. रामदासांनी तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकात 'पढतमूर्खा'च्या लक्षणांवर अख्खा समास खर्ची घातलाय.

मी चंद्रपूरचा, पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात नाव काय ठेवलं यावरून पुढे काय मोजलं जाणार ते ठरतं. पुस्तकाच्या नादाला 'संग्रह' म्हटलं की मोजायची ती कपाटं. मग मोठ्या शहरातला, पक्क्या घरातला, पगारदार माणूस आपोआप पहिला येतो. पावसाळाभर ओल धरणाऱ्या आणि वाळवी लागणाऱ्या घरातला वाचक यादीतच येत नाही. मोबाईलमध्ये पीडीएफ साठवणारी माझ्या वयाची मुलंही येत नाहीत.

नितीन रिंढे यांचं 'लीळा पुस्तकांच्या' मला आवडतं. पुस्तकांविषयीच्या पुस्तकांवर मराठीत असं रसाळ लेखन विरळाच. पण ते वाचून मिटलं की एक प्रश्न उरतो: या लीळांमध्ये गडचिरोली कुठे बसेल?

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. तिथल्या गोंड गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवले. बाहेरच्या जाणकारांना बोलवायचं, विषय समजून घ्यायचा, चर्चा करायची, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीने घ्यायचा. 2006 चा वनहक्क कायदा आला आणि 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एक मजकूर इतक्या गरजेने समजून घेणाऱ्यांना काय म्हणायचं? 'ग्रंथप्रेमी' तिथे हास्यास्पद वाटतो, 'पुस्तकवेडा' तर साफ चुकीचा. त्यांच्याइतकं शहाणपणाने कोण वाचतं?

शब्द कुठून आणायचा हे मारुती चितमपल्लींनी दाखवून दिलंय. वनखात्यात नोकरी करताना त्यांनी जंगलात राहणाऱ्यांकडून शब्द गोळा केले, काही स्वतः घडवले. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीला काकागार, पक्षी रात्री मुक्कामाला येतात ती जागा रातनिवारा. आधी पाहणं, मग नाव. पुस्तकांच्या बाबतीत आपण उलटं केलं. 'बिब्लिओफाइल' हा शब्द आधी समोर ठेवला आणि त्याच्या मापाचा मराठी माणूस शोधत बसलो.

खरं तर चांगले शब्द आपल्याकडे पडून आहेत. सतीश काळसेकरांच्या साहित्य अकादमी मिळालेल्या पुस्तकाचं नाव 'वाचणाऱ्याची रोजनिशी'. 'वाचणारा' या शब्दात मालकी नाही, आजार नाही, नुसती क्रिया आहे. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली. 'सूचीकार' हा शब्द रुक्ष वाटतो, पण आपल्या मालकीची नसलेली पुस्तकंही हरवू नयेत म्हणून कुणी एवढं खपत असेल, तर त्याला प्रेमाशिवाय दुसरं काय म्हणणार? गावच्या वाचनालयातला 'सभासद' तसाच. पुस्तक नेतो, वाचतो, परत आणून देतो.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'ग्रंथपाल'. आपण त्याला नोकरीचं पद करून टाकलंय. आमच्या जिल्ह्यांत 'वनपाल' हा शब्द लहान पोरालाही ठाऊक असतो. वन त्याचं नसतं, पण त्याला ते सांभाळायचं असतं. मेंढ्याने तर पुढे जाऊन अख्ख्या गावालाच जंगलाचा पालक केलं. पुस्तकांवरच्या प्रेमाचं माप हेच असायला हवं: तुमच्याकडे किती आहेत हे राहू द्या, तुमच्यामुळे किती जणांच्या हाती पोचली ते सांगा.

या मापाने मोजलं तर कपाटं थोडी मागे जातील आणि आज यादीबाहेर असलेली बरीच माणसं पुढे येतील. पीडीएफ पुढे पाठवणारी पोरंही त्यात असतील, फक्त लेखकाचा हक्क राखण्याची जबाबदारी त्यांना घ्यावी लागेल. पालाला तेवढं चुकत नाही.